भाऊबिजेला न दाबलेलं बटण

वैजू गेल्याचा फोन आला तेव्हा संकलन केंद्रात दुधाची रांग लागलेली होती. सकाळची वेळ, काट्यावर कुणाची तरी किटली, फॅट मशीनमध्ये नमुना आणि माझी बोटं कीबोर्डवर. फोन कासुर्डीहून, तिच्या नवऱ्याचा होता. "दादा, वैजू गेली," एवढंच राजेंद्र पाव्हणे म्हणाले. मी "बरं, निघतो" म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि रांग संपवली. रांगेत कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक किटल्या उचलून तसेच मागं फिरले असते, आणि उन्हाळ्यात ते दूध दुपारपर्यंत नासलं असतं. बहिणीच्या मरणाची बातमी कानावर पडल्यावर माझ्या डोक्यात हा हिशोब आला. तिचे दिवस उरकल्यावर मी त्या सकाळच्या नोंदी मुद्दाम उघडून पाहिल्या. लिटर, फॅट, सगळं जिथल्या तिथं होतं. एकही आकडा चुकला नव्हता. चुकला असता तर बरं वाटलं असतं…

वैजयंता माझ्या सख्ख्या चुलत्याची मुलगी. आमचं गाव शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या बाजूला. दोन घरं, मधे एक भिंत, आणि अंगण एकच. आजोबांच्या हयातीपर्यंत घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर बांधून ते खाली कोकणाकडं निघायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. आमच्या वडिलांच्या पिढीनं मेंढरं विकली, विहिरी पाडल्या, कांदा केला, गाई घेतल्या. माझ्या वाट्याला गावच्या दूध संस्थेचं सचिवपद आलं, आणि वैजूच्या वाट्याला आमच्या घराण्यातलं पहिलं इंजिनिअरिंग. कॉम्प्युटरचं शिकून ती पुण्यात नोकरीला लागली, लग्न होऊन दौंड तालुक्यात कासुर्डीला गेली. पाव्हण्यांची शेवंती आणि टोमॅटोची शेती. मूलबाळ झालं नाही, त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. पुढं कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली तेव्हा ती कासुर्डीतच राहू लागली, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी आईला भेटायला गावी यायची. तिची आई म्हणजे आमच्या काकू. चुलते वारल्यावर काकू एकट्याच मागं राहिल्या, दोन गाई घेऊन. काकूंचं दूध आमच्याच केंद्रावर येतं, पण चुलत्यांच्या माघारी खातं त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं नाही. "मला ब्यांकंतलं काय कळत न्हाई, पोरीच्या नावानं लावा," म्हणाल्या. म्हणून दूध काकूंचं आणि खातं वैजूचं, असं कित्येक वर्षं चाललं होतं. वैजूनं वारस म्हणून फॉर्मवर आईचं नाव दिलं होतं. मुलीच्या नावापुढं आई वारस. मीच तो फॉर्म भरून घेतला होता, आणि त्यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नव्हतं.

संस्थेचा प्रोग्राम वैजूनं लिहिला. आधी आम्ही एक विकतचा घेतला होता, तो देणारा माणूस पुढं फोनच उचलेना. वैजू म्हणाली, "दादा, मी लिवून देते. तू फक्त तुमचं कसं चालतं ते सांग." आणि मग रविवारच्या रविवार ती माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागली. गाईचं दूध, म्हशीचं दूध, फॅटप्रमाणे दर, दहा दिवसांचा पगार, पेंडीची कपात, दिवाळीचा बोनस, सगळं तिनं विचारून घेतलं. मी प्रत्येक गोष्टीला एक अपवाद सांगायचो आणि ती कपाळाला हात लावायची. "तुमच्या संस्थेत सभासदापरीस अपवाद जास्ती हायत रं दादा." पण एकही अपवाद तिनं सोडला नाही. सभासद मयत झाला तर काय, हेही तिनंच विचारलं. मी सांगितलं की नोंद करायची, खातं वारसाच्या नावावर घ्यायचं, सभासद क्रमांक तोच ठेवायचा. तिनं त्याचा वेगळा स्क्रीन केला. चुकून बटण दाबलं जाऊ नये म्हणून त्यात आधी एक प्रश्न टाक, असा आग्रह मी धरला. तिनं टाकला. "सदर सभासद मयत आहेत. खात्री आहे? हो / नाही." ही शब्दरचना माझी आहे.

प्रोग्राम चांगला होता, पण तो उघडायलाच वेळ घ्यायचा. मुख्य केंद्र आणि वस्त्यांवरची तीन, अशा चारही ठिकाणी जुने कॉम्प्युटर. प्रोग्राम चालायला आधी त्या कॉम्प्युटरवर जावा नावाची दुसरी गोष्ट घालावी लागायची, तीही अमुकच आवृत्तीची. वस्तीवरच्या कुणीतरी काहीतरी अपडेट करून ठेवायचं आणि सकाळी प्रोग्राम उघडायचाच नाही. मागं रांग ओरडायची. "ओ सचिव, आधी त्या डबड्याला च्या पाजा, मग आमचं दूध मोजा!" मी वैजूला फोन लावायचो. ती ऑफिसच्या मीटिंगमधून उठून मला एकेक बटण सांगायची. एकदा असा फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "हे काय खरं न्हाई दादा. ह्याची आपण एकच फाईल करू. सुटी. कुणाकडं काही न मागणारी."

त्यातलं मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. प्रोग्राम लिहिणं हे एक काम, आणि लिहिलेला प्रोग्राम बांधून चालता करणं हे दुसरं. या बांधण्याला ते लोक बिल्ड म्हणतात. बिल्ड कसं करायचं, काय काय आत घ्यायचं, हे एका फाईलमध्ये लिहून ठेवावं लागतं. वैजूनं ती फाईल अशी बदलली, की प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान मिळून थेट त्या मशीनच्या भाषेतली एकच फाईल बाहेर पडावी. पेनड्राइव्हवर घ्यायची, कुठल्याही केंद्रावर नेऊन ठेवायची, डबल क्लिक करायचं. जावा नको, इंटरनेट नको. मला हे पटकन उमगेना तेव्हा तिनं आजोबांचं घोडं काढलं. "आजोबा कोकणात निघताना सगळं घोड्यावर बांधायचे ना? तवा, पीठ, मीठ, घोंगडी, कोकराची दोरी. घाट उतरल्यावर आठवून उपेग न्हाई. जे निघताना घोड्यावर चढवलं तेच मुक्कामाला असणार. हे तसंच हाय. बांधताना जे सांगितलं न्हाई, ते नंतर न्हाई म्हंजी न्हाई."

हे बांधणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा तर कित्येक रविवार ते बांधलंच जाईना. लाल अक्षरांत काहीतरी इंग्रजी यायचं, वैजू ओठ चावत वाचायची, बिल्डच्या फाईलमध्ये एक-दोन ओळी बदलायची आणि पुन्हा सुरू करायची. बिल्ड चालू झालं की केंद्रातल्या कॉम्प्युटरचा पंखा मळणी यंत्रासारखा घोंघावायचा. तेव्हा ती कशालाही हात लावायची नाही. बशीत चहा ओतून प्यायची आणि डाव्या हाताचा तळवा कॉम्प्युटरच्या जाळीवर ठेवून बसायची, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. मी एकदा विचारलं, "हे काय गं?" म्हणाली, "तापतंय तवर बांधतंय. गार पडलं की समजायचं, कुठंतरी अडकलं." स्क्रीनवर सगळं लिहून येत असताना तिला हाताची खात्री का लागायची, कोण जाणे. पण पुढं मीही तसाच हात ठेवायला लागलो.

शेवटी एक अडचण उरली. काही स्क्रीन प्रोग्राम आयत्या वेळी नावानं हाक मारून बोलावतो, आणि बांधणाऱ्याला ते आधी दिसत नाहीत. ते त्याला आपण सांगावे लागतात. हातानं लिहून सांगायचं तर बारकी बारकी शेकडो नावं. त्याऐवजी एक युक्ती आहे. प्रोग्राम जुन्या पद्धतीनं एकदा चालवायचा आणि त्याच्या मागं एक टिपणारा लावून द्यायचा. आपण जे जे बटण दाबू, जो जो स्क्रीन उघडू, त्याला काय काय लागलं ते तो टिपतो, आणि बांधताना तेवढं सगळं आत येतं. त्या टिपणाऱ्याला एजंट म्हणतात. मी म्हणालो, "एजंट म्हणलं की आमच्याकडं विम्यावालाच येतो." ती हसली. "हा पण त्याच जातीचा हाय. तू कुठं कुठं जातोस ते सगळं लिवतो. फक्त एक ध्यानात ठेव दादा, जिथं तू गेला न्हाईस तिथलं तो लिवत न्हाई."

हे काम करायचं ठरलं तो दिवस भाऊबिजेचा. ती सणाला आलेलीच होती, संस्थेला दुपारी सुट्टी, केंद्र रिकामं. सकाळी तिनं मला ओवाळलं होतं, माझ्या कपाळावर गंध तसंच होतं. आम्ही माहितीची एक नक्कल घेतली, एजंट लावला आणि एकेक स्क्रीन उघडायला बसलो. प्रोग्राममध्ये काय काय आहे हे मला तिच्याइतकंच पाठ, म्हणून मी सांगायचो आणि ती दाबायची. सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, नाकारलेलं दूध, पेंड, बोनस, दुरुस्ती. मग वारसाचा स्क्रीन आला. त्यात पुढं जायचं तर कुणातरी सभासदाच्या नावापुढं मयत टाकून 'हो' दाबावंच लागणार होतं.

मी म्हणालो, "हे राहू दे."

"का?"

"आजच्या दिवशी कुणाला मयत दाखवायचं? शोभतं का?"

"अरे ही नक्कल हाय. खरं थोडंच होणार हाय?"

"नक्कल असली म्हणून काय झालं. नावं तर खरी हायत."

मग एखादा खोटा सभासद तयार करू, म्हणाली. तेही मला चालेना. संस्थेत खोटा सभासद म्हणजे खोटा सभासद, नकलेत असला तरी. आज नकलेत घेतला, उद्या चुकून खऱ्यात राहिला, तर ऑडिटला उत्तर कुणी द्यायचं? तिनं डोळे फिरवले. "मग आबांचं नाव घालू. ते तर गेलेलेच हायत." आबा म्हणजे तिचे वडील. मी म्हणालो, त्यांचं खातं आता तुझ्याच नावावर आहे, प्रोग्राम घेणार नाही, आणि गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कशाला मारतेस. त्यावर आम्ही दोघंही हसलो. हसता हसता ती म्हणाली, "बरं, मग माझं घाल. माझा नंबर टाक, दाब हो. मी काय तुला शिव्या द्यायला येणार न्हाई."

मी तिच्यावर ओरडलो. भाऊबिजेला बहिणीच्या नावापुढं भावानं हे लिहायचं? "शुभ बोल नाऱ्या," मी म्हणालो. लहानपणी काकू तिला ज्या सुरात म्हणायच्या त्याच सुरात. ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग "बरं" म्हणाली, एजंट बंद केला आणि बिल्ड लावलं. पंखा घोंघावला. तिनं जाळीवर हात ठेवला. थोड्या वेळानं ती सुटी फाईल तयार झाली, डबल क्लिकबरोबर उघडली. मी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी चारही केंद्रांवर ती पोहोचवली. तेव्हापासून सकाळची रांग कॉम्प्युटरसाठी कधी थांबली नाही. वारसाचा स्क्रीन दिसायला यादीत होता, पण त्यातलं 'हो'च्या पुढचं काही घोड्यावर चढवलेलं नव्हतं. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि मी ते विसरलो.

दिवाळीनंतर महिनाभरानं वैजूच्या आजाराचं आम्हाला कळलं. कॅन्सर. पुण्याला दवाखाना, औषधं, पुन्हा दवाखाना. मी मोटरसायकलवरून कासुर्डीला जात राहिलो. शिरूर, न्हावरा, नदीवरचा पूल, चौफुला, आणि मग सोलापूर रस्त्याला लागून यवतच्या पुढं. पुढच्या खोलीत खिडकीशी तिची कॉट होती, बाहेर शेवंतीचे वाफे. थंडी सरता सरता दुधाचे दर बदलले आणि नवीन बिल्ड करणं भाग पडलं. तिनं लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवायला लावला. "तू टाईप कर. माझी बोटं बधिर झाल्यात." मी कमांड टाईप करू लागलो आणि ती उशीला टेकून बघत राहिली. "दादा, टिंब राह्यलं." "दादा, तिथं जागा सोडायची नसती." एकदा बिल्ड झालं, तरी तिनं ते पुसायला लावून पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. मला वाटलं, पडून पडून कंटाळली आहे, वेळ घालवतेय. शेवटच्या वेळी मी काही न विचारता सगळं बरोबर केलं, तेव्हा ती म्हणाली, "आता जमलं तुला. आता येवढ्यात तो वारसाचा स्क्रीन पण करून घेऊ. एजंट लावून एकदाच जायचंय त्यात. मी हाय तवर."

मी लॅपटॉप बंद केला. "वैजू, असं बोलू नये. बरी हो, येत्या दिवाळीला तूच कर." ती "बरं" म्हणाली आणि खिडकीकडं वळली. पाव्हण्यांनी आतून चहा आणला. आम्ही पावसाचं, कांद्याच्या भावाचं बोललो. मला त्या दिवशी घरी परतताना बरं वाटत होतं. आपण तिला धीर दिला असं वाटत होतं.

नंतर दवाखान्यात एकदा. खोलीत काकू होत्या, पाव्हणे होते, त्यांची बहीण होती, मी आणि माझी बायको. वैजू म्हणाली, "दादा, माझ्यामागं आईच्या दुधाचं…" आणि आम्ही पाचही जण एकदम तिच्या अंगावर गेलो. शुभ बोल. असलं तोंडातून काढू नये. देवी येमाईची कृपा आहे. ती आमच्या तोंडाकडं बघत राहिली आणि तशाही स्थितीत म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना एकच बटण बसवलंय का गं?" काकू हसल्या, मग सगळे हसलो. वाक्य तिथंच तुटलं. ते तिनं पुन्हा काढलं नाही. आम्ही तिच्यावर माया करत होतो, यात मला शंका नाही. पण त्या खोलीत तिला जी एक गोष्ट सांगायची होती, ती ऐकायला आमच्यातलं एकही माणूस तयार नव्हतं, यातही शंका नाही. माणूस जाणार हे माहीत असलेली ती एकटीच, आणि तिलाच गप्प बसवलेलं.

ती गेली. कासुर्डीतच सगळं झालं. दहाव्याला शेवंतीचे हार तिच्याच वाफ्यातले होते. तिथंच पाव्हणे माझ्याजवळ येऊन बसले. बोलता बोलता म्हणाले, "दिवाळीच्या आधीच कळलं होतं आमाला. सणात कुणाला सांगायचं न्हाई म्हणाली. भाऊबीज नीट होऊ द्या म्हणाली."  मला "माझा नंबर टाक, दाब हो" ऐकू आलं. ते ती थट्टेत बोलली की खरं, हे आता कुणाला विचारणार? पाव्हण्यांना मी काही सांगितलं नाही. आज हे लिहितोय ते तेही वाचतील.

इकडं काकूंचं दूध येतच होतं. गाईंना काय, धार काढावीच लागते. रोज सकाळी काकू किटली काट्यावर ठेवायच्या, मी नोंद करायचो, आणि मशीनमधून चिठ्ठी निघायची, वर वैजूचं नाव, खाली लिटर आणि फॅट. काकूंना वाचता येत नाही. पण वैजू गेल्यापासून त्या प्रत्येक चिठ्ठी घडी करून पदराला बांधून न्यायच्या आणि घरी एका डब्यात ठेवायच्या. त्या कागदावरची अक्षरं काही महिन्यांत आपोआप उडतात, हे मला माहीत आहे. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

पण बँकेनं खातं थांबवलं, पगार अडकला आणि पेंडीवाला विचारायला लागला. नोंद करणं भाग होतं. एका सकाळी रांग संपल्यावर मी वारसाचा स्क्रीन उघडला, तिचा क्रमांक टाकला. प्रश्न आला, "सदर सभासद मयत आहेत. खात्री आहे?" माझेच शब्द. मी डोळे मिटून 'हो' दाबलं. डोळे उघडले तर प्रोग्रामची खिडकीच स्क्रीनवर नाही. काळ्या चौकटीत इंग्रजीच्या चार ओळी आणि प्रोग्राम बंद. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्या ओळी नीट वाचल्या. वारसाचा भाग सापडत नाही, असा त्यांचा अर्थ होता. सापडणार कुठून? मीच बांधू दिला नव्हता. दिवाळीपासून गावात एकही सभासद गेला नव्हता, आणि मी ते सुदैव म्हणत होतो. म्हणून हे पहिल्यांदा उघडं पडलं ते तिच्याच नावावर.

 चूक माझी किती आणि परिस्थितीची किती, हे मांडून पाहायची माझी सवय आहे. मांडून पाहिलं. आजार माझ्यामुळं झाला नाही, मरण माझ्यामुळं आलं नाही. एक स्क्रीन राहिला, तो दुरुस्त होतो. हिशोबानं पाहिलं तर हे फार नाही. पण तिनं मला जे काम सांगितलं ते तिच्या आजाराचं नव्हतं, तिच्या आईच्या दुधाचं होतं. तिला उपचार नको होता माझ्याकडून, धीर नको होता. फक्त मी शेजारी बसून एक बटण दाबावं, आणि मग आम्ही दोघांनी त्याबद्दल चार शब्द बोलावेत. तेवढंच. ते मी तीनदा नाकारलं, आणि तिन्ही वेळा मला वाटलं की मी तिचं भलं करतोय. ही रक्कम कुठल्या रकान्यात टाकायची, ते मला ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र रिकामं झाल्यावर मी काकूंना थांबवून घेतलं. त्या बाकावर बसल्या, रिकामी किटली पायाशी. मी माहितीची नक्कल घेतली, जुन्या पद्धतीनं प्रोग्राम सुरू केला, एजंट लावला. कमांड बोटांतून आपोआप आल्या. टिंब राहिलं नाही, नको तिथं जागा सुटली नाही. पडून पडून कंटाळलेल्या माणसाचा तो वेळ घालवण्याचा खेळ नव्हता, हे मला तेव्हा कळलं. आधी बाकीचे सगळे स्क्रीन उघडले, मग वारसाचा. आता कुणाचं नाव टाकावं हा प्रश्न उरला नव्हता. तिचा क्रमांक टाकला.

"काय करतोयस रं भानू?" काकूंनी विचारलं.

मी सांगितलं. खातं तुमच्या नावावर करायचंय, त्याआधी मशीनला एकदा दाखवावं लागतं.

"म्हंजी चिठ्ठीवरनं तिचं नाव जाणार?"

"व्हय."

काकूंनी पदराची गाठ चाचपली. मग म्हणाल्या, "लेकीचं आईला आलं. उलटं झालं रं सगळं… कर. पेंड संपलीय."

मी 'हो' दाबलं. या वेळी स्क्रीन टिकला. वारसाच्या जागी काकूंचं नाव आलं. एजंट बंद केला, त्यानं टिपलेली फाईल उघडून पाहिली. तिच्यात वैजूचं नाव असेल असं मला वाटलं होतं. नव्हतं. तो माणसांची नावं टिपत नाही, फक्त कुठून कुठं गेलो ते टिपतो. मी वरपासून खालपर्यंत शोधलं. तिचं नाव कुठंही नाही. पुढं काही दिवसांनी गावातल्या एका घरानं त्यांच्या म्हाताऱ्यांची नोंद त्याच स्क्रीनवर करून घेतली. काही अडलं नाही. त्यांना वाटलं, हे असंच असतं.

त्या सकाळी, काकू बाकावर असतानाच, मी बिल्ड लावलं आणि पंखा घोंघावला. आता काही करायचं नसतं. मी जाळीवर तळवा ठेवला. कोमट, मग ऊन, मग चांगलंच गरम. काकू बाकावरून बघत होत्या. "वैजी बी असाच हात ठेवायची," म्हणाल्या. मी मान हलवली. त्या जरा वेळानं पुन्हा बोलल्या, जमिनीकडं बघत.

"भानू, आता माझं वय झालं. मी गेल्यावर ह्या दोन गाया…"

माझ्या ओठावर ते दोन शब्द आले होते. आमच्या घरात ते कुणाच्याही ओठावर आयते असतात. मी ते गिळले. हात जाळीवरून काढला नाही.

"बोला काकू," मी म्हणालो. "तुमच्यामागं गाई कुणाकडं द्यायच्या?"

त्यांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. मग पदर सावरला, किटली बाजूला सारली आणि सांगायला लागल्या. तांबडी कुणाला, बांडी कुणाला, कुठली लाथ मारते, कुठलीला वासराशिवाय पान्हा फुटत नाही, धार काढताना तिच्याशी काय बोलावं लागतं… मधे कुणी तोडलं नाही, म्हणून त्या सांगत राहिल्या. मी ऐकत राहिलो. मशीन तापलेलं होतं.